आधी चादर, मग सुई

“इंजेक्शन द्यायला शिकवलं का गं?” नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलीला हा प्रश्न हमखास येतो. लग्नाकार्यात मावश्या विचारतात, विरार लोकलमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते. लोकांच्या लेखी नर्स म्हणजे सुई. पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वर्ग सोडून खऱ्या वॉर्डात उभं राहायच्या पहिल्या काही आठवड्यांत, सुई बहुतेक वेळा हाती येतच नाही. हाती येते चादर, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, बेडपॅन आणि एक पेन. बाहेरच्यांना हे काम हलकं वाटतं, आणि कित्येकदा त्या मुलीलाही वाटतं. पण आजारी माणसाकडे बघायचं कसं, त्याला हात लावायचा कसा आणि जे दिसलं ते लिहायचं कसं, हे नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड शिक्षण त्याच आठवड्यांत होतं. तिथे कच्चं राहिलेलं पुढे भरून काढणं फार कठीण जातं.

बारावीनंतर या पेशात यायचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. पहिल्या दोन्हींच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं, आणि अभ्यासक्रम ठरवते दिल्लीची भारतीय परिचर्या परिषद. परिषदेने 2021 मध्ये बीएस्सीचा अभ्यासक्रम बदलला. त्यानुसार पायाभूत नर्सिंगसाठी पहिल्या सत्रात 160 तास आणि दुसऱ्या सत्रात 320 तास वॉर्डात काढायचे असतात. त्याआधी स्किल लॅबमध्ये डमीवर सराव होतो. पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी शंभर टक्के भरलेली लागते, बुडालेला दिवस नंतर भरून द्यावा लागतो. या लेखात विद्यार्थिनी म्हटलं असलं तरी मुलगेही यात आले. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

डमी आणि माणूस यांत फरक किती, हे वसई-विरारच्या वॉर्डात जितक्या लवकर कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून 2009 मध्ये इथे महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. आज ती किती वाढली असेल, ते नालासोपारा पूर्वेच्या कुठल्याही गल्लीत उभं राहिलं की दिसतं. वसई गावातलं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचं तुळिंजचं रुग्णालय पालिकेची, बंगलीचं कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय ख्रिस्ती समाजाच्या सेवापरंपरेतलं, विरारचं ग्रामीण रुग्णालय सरकारी, शिवाय खासगी रुग्णालयं डझनावारी. इथल्या कुठल्याही जनरल वॉर्डात दहा खाटा ओळीने पाहिल्या तरी अख्खा तालुका नजरेखालून जातो. निर्मळ-नंदाखालकडची वाडीत राबलेली आजी, पाचूबंदरचा किंवा अर्नाळ्याचा शिंगाळ्याचा काटा हातात घुसलेला कोळी, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यात बोट सापडलेला उत्तर प्रदेशातला कामगार, महामार्गावरच्या अपघातातला ट्रकचालक, पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यावरून आणलेली वारली बाळंतीण. आजी शिकाऊ मुलीला ‘बाय’ म्हणून हाक मारते, कामगार ‘सिस्टर’ म्हणतो, आणि बाळंतीण हाकच मारत नाही, नुसती बघत राहते. तिला दुखतंय का, हे तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं असतं. शिकायला आलेल्या मुलीला एका सकाळी एवढी माणसं वाचायची असतात.

दिवसाची सुरुवात होते ‘ओव्हर’ने. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेखाटेने पेशंट सोपवते. कोणाला ताप होता, कोणाची लघवी किती झाली, कोणाचं सलाईन किती उरलं, कोणाला उपाशी ठेवायचं आहे. नवी मुलगी मागे वही घेऊन उभी असते आणि पहिल्या दिवशी तिला त्यातलं निम्मं कळत नाही, कारण सगळं संक्षेपात चाललेलं असतं. मग ट्यूटर प्रत्येकीला एकदोन पेशंट नेमून देते आणि काम सुरू होतं ते बेड मेकिंगपासून.

बेड मेकिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरी सगळ्यांनाच चादर घालता येते. वॉर्डातला बेड अनेक तऱ्हांनी लावतात. रिकामा बेड वेगळा, ऑपरेशनहून येणाऱ्या पेशंटचा वेगळा, हृदयविकाराच्या पेशंटला टेकून बसता यावं असा वेगळा. सगळ्यात अवघड बेड म्हणजे पेशंट त्यावर असतानाच लावायचा. दोघी दोन बाजूंना उभ्या राहतात. एक जण पेशंटला आपल्याकडे कुशीवर वळवून धरते, दुसरी मळकी चादर गुंडाळत त्याच्या पाठीशी नेते आणि त्याच घडीला लागून स्वच्छ चादर पसरते. मग पेशंटला त्या गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं, जुनी चादर ओढून काढायची, नवी ताणून घ्यायची आणि कोपरे तिरके दुमडून गादीखाली घट्ट खोचायचे. मध्यावर मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, आणि त्यावर आडवी ड्रॉ शीट. चादर झटकायची नाही, कारण धुळीबरोबर जंतू उडतात. मळकी चादर स्वतःच्या अंगाला लावायची नाही. आणि शेवटी पेशंटच्या पाठीखालून हात फिरवून एकही सुरकुती उरली नाही ना, हे बघायचं. ट्यूटर नेमकी इथेच अडवते. सुरकुती राहिली की सगळं पुन्हा.

एका सुरकुतीसाठी एवढा हट्ट का? आपल्या त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार थोडा असतो, त्यांच्या धमनीकडच्या टोकाला साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याइतका. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडं जिथे गादीवर टेकतात, तिथे अंगाच्या भाराने पडणारा दाब याहून सहज जास्त होतो. रक्त अडतं, तिथल्या पेशी उपाशी राहतात. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्याला काही होत नाही. लकवा झालेला, बेशुद्ध किंवा खुब्याचं हाड मोडलेला माणूस तसाच पडून राहतो. त्यात चादरीची घडी टोचली, लघवीने कातडी ओली राहिली, ओढताना ती घासली गेली, की लाल चट्टा उमटतो, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम. हाच बेडसोअर. तो टाळायचा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी ठेवायची, हाडांच्या जागा रोज डोळ्यांनी बघायच्या आणि बिनसुरकुतीची चादर घालायची.

हे किती लांबवर नेता येतं, याचं उदाहरण मुंबईतच घडलं. केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयाच्याच आवारात अत्याचार झाला. मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या आणि 18 मे 2015 ला गेल्या. ही जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. नर्सेसच्या कित्येक तुकड्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि त्या बिछान्याची जबाबदारी पुढे सोपवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झालेला नाही ही बाब पुढे आली, आणि 2011 च्या निकालात न्यायालयाने त्या शुश्रूषेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. दयामरणावरचा निकाल म्हणून तो खटला सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटतं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला तो चादरीच्या धड्याबरोबर सांगायला हवा. त्या वॉर्डात पहिल्या पोस्टिंगमधलंच शिक्षण चार दशकं दररोज वापरलं जात होतं.

चादरीनंतर टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन. ताप सोपा. नाडी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटांनी बघायची, स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याचीच नाडी जाणवते. खरी कसोटी श्वासाची. “मी तुमचा श्वास मोजते” असं म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो, कोणी तो रोखून धरतो, कोणी खोल घेतो. म्हणून शिकवलं जातं की नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चालू आहे, आणि आपली नजर छातीवर. पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास ठीक. हाच आकडा वॉर्डात सगळ्यात जास्त वेळा अंदाजाने लिहिला जातो, हे कुठलीही अनुभवी सिस्टर कबूल करील. आणि माणूस खालावू लागला की बीपी पडण्याच्या कितीतरी आधी बहुधा हाच आकडा वर सरकू लागतो. पहिल्या वर्षाच्या मुलीने प्रामाणिकपणे मोजून लिहिलेला ‘28’ डॉक्टरला वेळेवर खाटेशी आणू शकतो.

बीपीचं तंत्र शंभरावर वर्षं जुनं आहे. इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी 1896 मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणला. तेव्हा नाडी बोटाने चाचपून फक्त वरचा आकडा मिळायचा. रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायची पद्धत सांगितली आणि खालचा आकडाही हाती आला. पट्ट्याने धमनी दाबली की रक्त थांबतं. हवा हळूहळू सोडली की अरुंद झालेल्या वाटेतून रक्त उसळत जातं आणि ठोके ऐकू येतात. पहिला ठोका हा वरचा दाब, आवाज विरतो तो खालचा. लॅबमध्ये मैत्रिणीच्या दंडावर हे सुरेख जमतं. वॉर्डात शेजारी मूल रडत असतं, ट्रॉली खडखडत जाते, वर पंखा घरघरतो, आणि काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी मनचा आकडा लिहायचा मोह होतो. तो टाळता यायला हवा, “मॅडम, मला ऐकू आलं नाही, तुम्ही बघता का?” हे म्हणता यायला हवं. पहिल्या पोस्टिंगच्या गुणपत्रिकेत माझ्या मते या वाक्याला गुण असायला हवेत. आणखी एक बारकावा घरी बीपी बघणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावा. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं.

सलाईन मुलगी लावत नाही, पण त्यावर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे लवकर येतं. इथे पाचवीचं गणित उपयोगी पडतं. नेहमीच्या सेटमध्ये 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. 500 मिलिची बाटली चार तासांत द्यायची असेल तर एकूण 10,000 थेंब, मिनिटं 240, म्हणजे मिनिटाला 42 थेंब, साधारण दीड सेकंदाला एक. मुली घड्याळ डोळ्यांसमोर धरून हे मोजतात. “लवकर संपवा ना, घरी जायचंय” म्हणत नळीवरचं चाक स्वतःच फिरवून मोकळं करणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात भेटतात. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्या माणसाच्या फुप्फुसांत ते पाणी उतरू शकतं. ते चाक नातेवाइकांनी फिरवायचं नाही, एवढं या लेखातून कोणी घेतलं तरी पुष्कळ झालं.

स्वतःला जपणं हाही याच आठवड्यांतला धडा. साबणाने हात धुवायचे तर 40 ते 60 सेकंद, हँडरब असेल तर 20 ते 30. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल डब्यात, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, कारण टोचण्याचे कित्येक प्रकार त्याच क्षणी होतात. हिपॅटायटिस बी ची लस तीन मात्रांत घेतात, पहिली, मग एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ती वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरू झालेली असायला हवी. सुई टोचलीच तर लपवायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवून ताबडतोब सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तर दोन तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने गप्प राहणाऱ्या मुली असतात. त्यांच्या घरच्यांनी हे आधीच बजावून ठेवावं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. शिकणाऱ्या मुलींकडून वॉर्डाचं काम काढून घ्यायची रीत आधुनिक नर्सिंगइतकीच जुनी आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा सुरू झाली, तिथेही मुली शिकता शिकता वॉर्ड सांभाळत. तीच पद्धत आपल्याकडे आली. मुंबईत 1891 साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय नर्स म्हणून येतं. आपल्या समाजात त्या काळी परक्या माणसाचं अंग पुसणं, त्याची घाण काढणं हे बाईने पेशा म्हणून स्वीकारणं काय होतं, याची कल्पना केली तरी त्या नावापुढे मान झुकते. पण वॉर्डात हात कमी पडतात म्हणून विद्यार्थिनींना राबवायची सवय मात्र सुटलेली नाही. परिषदेच्या निकषाप्रमाणे जनरल वॉर्डात शिक्षण-रुग्णालयात तीन पेशंटमागे आणि इतरत्र पाच पेशंटमागे एक नर्स हवी, आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका. संध्याकाळच्या पाळीत एखाद्या गर्दीच्या वॉर्डात जाऊन खाटा आणि सिस्टर मोजल्या की निकष किती दूर आहे ते कळतं. तिथे पहिल्या वर्षाची मुलगी शिक्षिकेविना उभी असेल, तर ती शिकत नाही, रिकामी जागा भरत असते. चूक झाली तर पेशंटचं नुकसान होतं आणि त्या मुलीचा धीर कायमचा खचतो.

पुढच्या सत्रांत सामुदायिक आरोग्याची पोस्टिंग येते आणि वसई-विरारच्या मुली महामार्ग ओलांडून पूर्वेला जातात. सपाटीवर साधारण 30,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000 लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्रं. तिथे पाड्यावर अंगणवाडीत बाळाचा दंड फितीने मोजायचा, गरोदर बाईच्या पापणीखालचा फिकटपणा बघायचा, पावसाळ्यात विंचू-साप चावलेल्याला मांत्रिकाकडे न नेता गाडीत घालायला घरच्यांना राजी करायचं. पालघर 2014 मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याच्या जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण तीस वर्षं वर्तमानपत्रांत येतं आहे. त्या बातमीमागचं मूल पहिल्यांदा मांडीवर घेणारी मुलगी बहुतेक वेळा अशीच कोणी शिकाऊ नर्स असते. वॉर्डात चादरीखालची पाठ बघायला शिकलेली नजर इथे बाळाच्या पायावरची सूज ओळखते.

पावसाळा हा इथला वेगळा शिक्षक. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने वॉर्ड भरतात. जुलै 2018 मध्ये नालासोपारा-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी भरून लोकल बंद पडल्या होत्या. अशा दिवशी पुढच्या पाळीची सिस्टर पोहोचत नाही. मग आधीचीने ओव्हर देण्याजोगं कोणी येईपर्यंत वॉर्ड सोडायचा नसतो. हा नियम पुस्तकात एका ओळीत आहे. त्याचा अर्थ मुलींना सीनियर सिस्टरांच्या सुजलेल्या पायांकडे बघून कळतो.

आणि कधीतरी, कोणी तयारी करून घेण्याआधीच, पहिला मृत्यू येतो. काल जिला भरवलं ती आजी आज नाही. त्यानंतरची शुश्रूषाही अभ्यासक्रमात आहे. डोळे मिटायचे, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, कवळी जागेवर बसवायची, अंगावरचे दागिने मोजून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचे. आणि ज्याच्या-त्याच्या धर्माचं काय, ते घरच्यांना आधी विचारायचं. वसईत तर ते विचारावंच लागतं. चांगली ट्यूटर त्या दिवशी मुलीला एकटीला घरी जाऊ देत नाही, दहा मिनिटं तिच्याजवळ बसते. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण लिहिलेलं असायला हवं.

नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये लिहिलेल्या शुश्रूषेच्या छोट्या पुस्तकात रोग्याच्या निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. आज वॉर्डात मॉनिटर आले, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर घरोघरी आला. तरी घाम फुटलेलं कपाळ, आज सकाळपासून गप्प झालेला बडबड्या पेशंट, न खाता परत गेलेलं ताट हे मॉनिटरवर दिसत नाही. ते खाटेशी उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली आणि एखादी बावरलेली मुलगी ट्रे घेऊन खाटेशी आली, तर तिचं नाव विचारा. सोबत शिक्षिका किंवा स्टाफ सिस्टर आहे का, हेही बिनदिक्कत विचारा, तो तुमचा हक्क आहे. शिकणाऱ्या हाताने काही करून घ्यायचं नसेल तर शांतपणे नाही म्हणा, त्यात कोणाचा अपमान नाही. पण जमत असेल तर हात पुढे करा, कारण उद्या तुमच्या गावच्या वॉर्डात रात्रपाळीला तीच असणार आहे. आणि मनगटावर बोटं ठेवून ती घड्याळाकडे बघत असेल तेव्हा मिनिटभर तिच्याशी बोलू नका. मोजणी चुकली की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.